लयीचा धनी चिक वेब

तालवाद्य वाजवणाऱ्याचे सारे बळ मनगटात असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते पाठीत असते. पाठ ताठ असली म्हणजे खांदा मोकळा राहतो, खांदा मोकळा राहिला म्हणजे हात सुटतो आणि हात सुटला तरच द्रुत लयीत बोल स्वच्छ निघतात. तबल्याच्या पहिल्या धड्याला शिक्षक विद्यार्थ्याची बैठक तपासतो ती याचसाठी. मग ज्याच्या पाठीचा कणाच बालपणी दुखावला, त्याने तालाच्या वाटेला जावे काय? अमेरिकेतील चिक वेब या कृष्णवर्णीय वादकाचे चरित्र म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री वेब. विसाव्या शतकाच्या आरंभी बाल्टिमोर शहरातील एका गरीब घरात त्याचा जन्म झाला. लहान असताना तो जिन्यावरून पडला व त्याच्या मणक्यांना जबर दुखापत झाली. पुढे मणक्यांच्या क्षयाने त्याला कायमचे ग्रासले. पाठीला कुबड आले आणि उंची चार फुटांच्या आसपासच राहिली. शाळेतल्या पोरांनी त्या ठेंगण्या देहावरून त्याला चिक, म्हणजे कोंबडीचे पिल्लू, असे नाव ठेवले. चेष्टेने पडलेले ते नाव त्याने पुढे कीर्तीच्या शिखरावरही टाकले नाही.

आखडलेले हातपाय मोकळे व्हावेत म्हणून एका डॉक्टरांनीच त्याला ढोल वाजवण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. रस्त्यावर वर्तमानपत्रे विकून त्याने पैसे साठवले आणि वाद्ये घेतली. औषध म्हणून जे हाती धरले, तेच पोटाचे साधन झाले.

१९२५ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला आणि लवकरच स्वतःचा वाद्यवृंद घेऊन उभा राहिला. आरंभीची वर्षे ओढगस्तीची होती. कामे टिकत नसत आणि चांगले वादक मोठ्या वृंदांकडे निघून जात. सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस १९२८ साली ड्यूक एलिंग्टनकडे गेला, तो वेबकडूनच. तरीही वेबने वृंद मोडू दिला नाही. १९३१ पासून हार्लेम भागातील सॅव्हॉय या प्रख्यात नृत्यगृहाचा तो मुख्य वाद्यवृंद झाला. गोऱ्या-काळ्यांनी एकाच जमिनीवर नाचावे, ही त्या काळच्या अमेरिकेत दुर्मिळ असलेली गोष्ट येथे रोज घडे. सभागृहात दोन रंगमंच होते. एक वृंद थांबला की दुसरा सुरू होई, आणि या शेजारातूनच चढाओढ रंगे.

वेबने पंगू देहाला वाद्याच्या मापात बसवण्याचा हट्ट धरला नाही. त्याने वाद्यच देहाच्या मापाने बांधून घेतले. पायाने वाजवायच्या ढोलासाठी त्याच्या आखूड पायांना पुरेल अशी खास पट्टी तयार करवली. झांजा हाताच्या टप्प्यात याव्यात म्हणून त्यांना वाकड्या मानेच्या दांड्या बसवल्या. उंच चौथऱ्यावर, वृंदाच्या मधोमध तो बसे. पायाजवळचा मोठा ढोल एवढा अवाढव्य, की त्यामागे हा माणूस पुरता दिसतही नसे. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते. साऱ्या रचना, प्रत्येक वाद्याच्या वाट्याच्या बारकाव्यांसह, त्याला मुखोद्गत असत. मौखिक परंपरेत वाढलेल्या आपल्या कानाला यात परके असे काही वाटणार नाही.

११ मे १९३७ रोजी सॅव्हॉयमध्ये वेबचा बेनी गुडमन यांच्या वृंदाशी सामना झाला. गुडमन हे त्या वेळी स्विंग संगीताचे राजे म्हणून गाजत होते आणि त्यांचा ढोलवादक जीन क्रुपा अवघ्या देशाचा लाडका होता. आत हजारो श्रोते होते आणि आत जागा न मिळाल्याने हजारो बाहेर ताटकळत होते. श्रोत्यांनी कौल वेबला दिला. क्रुपाने भर सभेत त्याच्यापुढे मान लवविली.

पण या गुणी माणसाच्या चरित्रात एक जागा विचार करायला लावणारी आहे. १९३५ साली एक अनाथ, फाटक्या वेशातील मुलगी गायिका म्हणून त्याच्यापुढे आणली गेली. तिच्या अवताराकडे पाहून वेब तिला घेण्यास नाखूश होता. स्वतःच्या कुबडावरून जगाने काय काय तर्क केले हे ज्याने जन्मभर सोसले, त्यालाही क्षणभर रूपाचाच मोह पडला. सुदैवाने त्याने तिला येल विद्यापीठातील एका नृत्यसमारंभात गाऊ दिले आणि कानांनी डोळ्यांवर मात केली. ती मुलगी एला फिट्झजेराल्ड. १९३८ साली दोघांनी ध्वनिमुद्रित केलेले, एका बालगीतावर आधारलेले गाणे देशभर गाजले.

याच काळात दुखणे विकोपास जात होते. वेदना तो सोबत्यांपासून लपवी. प्रकृती ढासळत असतानाही दौरे थांबले नाहीत, कारण तो बसला तर वृंदातल्या साऱ्यांचीच चूल थंडावणार होती. ही जिद्द म्हणावी की नाइलाज? मला वाटते, दोन्ही. तिचे कौतुक करताना तिची किंमत विसरू नये. शस्त्रक्रियेनंतर १६ जून १९३९ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, चाळिशीही न गाठता तो वारला. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन शोधले गेले ते १९४३ साली.

वृंद पुढे १९४२ पर्यंत एलाच्या नावाने चालला. वेबच्या ढोलाचा संपूर्ण घुमारा त्या काळच्या तबकड्यांना पेलला नाही. तरी १९३७ ची ‘हार्लेम काँगो’ आणि १९३८ ची ‘लायझा’ ऐकताना लय किती स्थिर आणि हात किती हलका होता, हे जाणकारांच्या ध्यानी यावे. बाल्टिमोरच्या पूर्व भागात १९४७ साली त्याच्या नावाने एक क्रीडाकेंद्र उघडले गेले. ज्या शहरात एक कुबडा पोरगा ढोलासाठी वर्तमानपत्रे विकत होता, त्याच शहरातल्या पोरांना खेळायला हक्काची जागा मिळाली.