विश्लेषण : कवटीवरून माणसाची प्रतवारी ठरते का? इरावती कर्वे यांच्या संशोधनाने काय दाखवले?

‘युगांत’च्या लेखिका आणि समाजशास्त्रज्ञ म्हणून इरावती कर्वे महाराष्ट्राला परिचित आहेत. मात्र त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता माणसाची कवटी. बर्लिनमध्ये केलेल्या या संशोधनातून त्यांचा निष्कर्ष थेट त्यांच्याच मार्गदर्शकाच्या विरोधात गेला. माणूस आणि वानरकुळाच्या समान पूर्वजांविषयी आज जे कळले आहे, त्याच्या उजेडात हे काम पुन्हा पाहण्याजोगे आहे.

ब्रह्मदेश ते बर्लिन...

इरावतींचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापूस कंपनीत अभियंता होते. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्याला हुजूरपागेत पाठवण्यात आले. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. १९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी एम.ए. केले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. स्त्री-शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे सासरे. पण सुनेने परदेशी जाऊन आणखी शिकावे, हे त्यांना पसंत नव्हते. दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू घेतली आणि इरावती जर्मनीला गेल्या.

प्रबंधाचा विषय काय होता?

बर्लिनमधील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे इरावतींचे मार्गदर्शक होते. सुप्रजननवादाचे ते मोठे पुरस्कर्ते. पुढे नाझींच्या वंशविचाराला त्यांच्या लेखनाचा आधार मिळाला. गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, त्याला सामावण्यासाठी त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी अधिक असमान होते आणि हेच त्यांच्या वरचढ तर्कबुद्धीचे लक्षण आहे, असे फिशर यांचे गृहीतक होते. ते तपासण्याचे काम इरावतींकडे आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या होत्या.

निष्कर्ष काय निघाला?

कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, हे खरे निघाले. पण ही असमानता सर्वच मानवसमूहांत आढळली. वंशाशी तिचा संबंध दिसला नाही. आकडे आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जात आहेत हे दिसत असूनही पंचविशीतल्या या विद्यार्थिनीने ते तसेच मांडले. फिशर यांनी प्रबंधाला कमी श्रेणी दिली, तरी १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली. तीन वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आदिम प्राइमेटांशी याचा संबंध कसा?

माकडे, वानर, लेमूर आणि माणूस हे सारे प्राइमेट गणातले. अलीकडे कवटीच्या आतल्या पोकळीचे त्रिमितीय ठसे घेऊन माणसाची तुलना चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्याशी करण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या असमानतेचा मूळ नमुना या सगळ्यांत सारखाच आढळला. फरक इतकाच की माणसामाणसांत तो अधिक बदलता आहे. म्हणजे फिशर ज्याला गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची खूण समजत होते, ती माणूस अवतरण्याच्या आधीपासूनचा वारसा आहे.

याहून मागचा धागा महाराष्ट्राच्या सीमेजवळच सापडतो. सुरत जिल्ह्यातील वास्तान येथील लिग्नाइट खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या छोट्या प्राइमेटांचे दात, जबडे आणि हातापायांची हाडे मिळाली आहेत. पुढे ज्यांतून एकीकडे लेमूर आणि दुसरीकडे टार्सियर, माकडे, वानर व माणूस निघाले, त्या दोन शाखा तेव्हा नुकत्याच वेगळ्या होत होत्या. दोन्हीकडच्या प्राण्यांची हाडे इतकी मिळतीजुळती आहेत की ती वेगळी ओळखणे अवघड जाते. इतक्या लांबच्या वंशावळीत आजच्या सर्व माणसांची जागा एकाच डहाळीवर आहे.

परतल्यावर त्यांनी काय केले?

काही वर्षे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात काम केल्यावर १९३९ मध्ये इरावती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथले सहकारी. दोघांनी १९४४ पासून उत्तर गुजरातमधील लांघणज येथे काम केले. बारीक दगडी हत्यारे वापरणाऱ्या शिकारी माणसांचे, पाय दुमडून पुरलेले सांगाडे तिथे मिळाले. त्यांचा अहवाल १९४९ मध्ये अमेरिकी मानवशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मोजमापांची साथ त्यांनी सोडली नाही आणि त्या काळच्या वांशिक वर्गीकरणाची चौकटही त्यांच्या लेखनातून पूर्णपणे गेली नाही. हे वर्गीकरण आज शास्त्राने टाकून दिले आहे. मात्र मापे घेताना प्रश्न बदलत गेले. के. सी. मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातील आपापसातच विवाह करणाऱ्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना केली. हा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच नावाखाली येणारे हे गट एका मूळ गटाचे तुकडे नसून वेगवेगळ्या समूहांची मोळी आहे, असे त्यांचे मत होते. इथे त्यांनी आपले गुरू घुर्ये यांच्याशीही मतभेद पत्करला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

झरी-तलासरीच्या संदर्भात याचे महत्त्व काय?

लांघणजचे काम चालू होते त्याच सुमारास, मे १९४५ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील झरी येथे गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने हजारो वारली जमले आणि वेठबिगार न करण्याचा निर्धार त्यांनी केला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. हे लोक मागासलेल्या, रानटी जातीचे आहेत, अशी समजूत या व्यवस्थेला सोयीची होती.

इरावतींचा झरीच्या लढ्याशी संबंध नव्हता. पण आदिवासी म्हणजे मानवाची जुनी, मागे राहिलेली आवृत्ती, हा गैरसमज पाठ्यपुस्तकांतल्या आणि चित्रांतल्या माकड ते माणूस अशा रांगेमुळे आजही टिकून आहे. उत्क्रांती अशा रांगेत चालत नाही. वारली, चित्पावन आणि जर्मन हे सारखेच आजचे आहेत, सारख्याच लांबचा प्रवास करून आलेले आहेत. कोणाची जमीन गेली आणि कोणाला शाळा मिळाली, याचे उत्तर कवटीत नाही, इतिहासात शोधावे लागते. बर्लिनमधल्या १४९ कवट्यांनी इरावतींना वंश आणि बुद्धीचा जो संबंध दाखवला नाही, तो त्यांनी कागदावरही येऊ दिला नाही.