मोलकरणीच्या भूमिकेतील मानकरी

२९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा रंगला होता. ‘गॉन विथ द विंड’मधील मॅमी या दासीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनियल यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. मात्र सहकलाकारांच्या टेबलावर त्यांना जागा नव्हती. बाजूच्या वेगळ्या टेबलावरून उठून त्या व्यासपीठावर गेल्या. कृष्णवर्णीयांना मज्जाव असलेल्या त्या हॉटेलात त्यांना प्रवेश मिळावा, यासाठीही निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना खास परवानगी काढावी लागली होती.

कॅन्सस राज्यातील विचिटा येथे जन्मलेल्या हॅटी तेरा भावंडांत धाकट्या. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडील यादवी युद्धात लढलेले. गायिका म्हणून नाव होत असतानाच १९२९ची मंदी आली आणि मिलवॉकीच्या एका क्लबात स्वच्छतागृहाची देखभाल करण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९३१ मध्ये त्या हॉलिवूडला आल्या. चित्रपटात काम नसे तेव्हा घरकाम करीत आणि काम मिळे तेही बहुधा मोलकरणीचेच!

ऑस्करनंतरही हे चित्र पालटले नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी अशा भूमिकांवर कडाडून टीका केली. हॅटी यांचा युक्तिवाद रोकडा होता. प्रत्यक्षात मोलकरीण होऊन तुटपुंज्या मजुरीवर राबण्यापेक्षा पडद्यावर मोलकरीण होऊन सन्मानाने कमावणे त्यांना पसंत होते. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र त्या नमल्या नाहीत. शुगर हिल वस्तीतील कृष्णवर्णीयांना घराबाहेर काढण्यासाठी गौरवर्णीय शेजाऱ्यांनी दावा गुदरला, तेव्हा त्या लढ्यात अग्रभागी राहिल्या. १९४५ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला.

१९४७ मध्ये रेडिओवरील ‘ब्यूला’ ही मालिका त्यांच्याकडे आली. साबण उत्पादक प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनी तिची प्रायोजक होती. साबण कंपन्यांच्या अशा प्रायोजकत्वामुळेच दैनंदिन कौटुंबिक मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. ब्यूला हीही मोलकरीणच. तिला आधी चक्क गौरवर्णीय पुरुष आवाज देत! हॅटी यांनी करारातच अट घातली, की कृष्णवर्णीयांच्या तोंडी घातली जाणारी हेंगाडी बोली आपण बोलणार नाही. भूमिका तीच राहिली, पण तिची भाषा त्यांनी बदलून घेतली.

१९५० मध्ये ‘ब्यूला’ दूरचित्रवाणीवर आली. आरंभी एथेल वॉटर्स यांनी केलेली ही भूमिका पुढे हॅटी यांनी स्वीकारली; परंतु काही भागांनंतरच आजाराने गाठले. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हॉलिवूडच्या दफनभूमीत चिरविश्रांती मिळावी, ही अखेरची इच्छाही वर्णभेदापायी अपुरी राहिली. तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले ते १९९९ मध्ये.

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांत कृष्णवर्णीयांना स्वयंपाकघराबाहेरची जागा मिळण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला. १९६८ मध्ये ‘वन लाइफ टू लिव्ह’मध्ये एलेन हॉली यांनी कार्ला ही मध्यवर्ती व्यक्तिरेखा साकारली. गौरवर्णीय म्हणून वावरणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणीची ती कथा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘बियाँड द गेट्स’ सुरू झाली. सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंब हाच तिचा केंद्रबिंदू. तिच्या निर्मितीत प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या निर्मितीसंस्थेबरोबर, एकेकाळी हॅटी यांच्यावर टीकास्त्र सोडणारी ‘एनएएसीपी’ही भागीदार आहे. हॅटी मॅक्डॅनियल यांना आयुष्यभर मागच्या दारानेच आत यावे लागले. तरीही त्या आत आल्या, म्हणूनच पुढचे दार कधीतरी उघडावे लागले.