स्पीडगनच्या लहरी आणि जगदीशचंद्र

माणकोली, रांजनोली मागे पडलं, पडघ्याचा टोलनाका ओलांडला की नाशिक हायवेवर हात आपोआप अॅक्सिलेटर पिळायला लागतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत आहे. ग्रुपवर कुणीतरी रडार डिटेक्टरची लिंकही टाकलेली असते. डॅशबोर्डवर छोटी डबी लावायची, पुढे पोलिसांची स्पीडगन असली की बीप वाजणार, मग आपण स्लो. आयडिया भारी वाटते. पण पैसे भरण्याआधी त्या डबीच्या आत डोकावून बघा. आत तुम्हाला एक ओळखीचा माणूस भेटेल, जगदीशचंद्र बोस.

झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ, एवढीच त्यांची ओळख आपण शाळेत पाठ केलेली असते. झाडांकडे वळण्याआधी मात्र हा माणूस लहरींच्या मागे लागला होता. आज रडारवाल्या स्पीडगन साधारण ज्या लांबीच्या लहरी सोडतात, तशाच लहरींवर त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात काम केलं.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858चा, आताच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. वडील सरकारी अधिकारी. त्या काळी अशा घरातली मुलं इंग्रजी शाळेत जायची, पण वडिलांनी जगदीशला आधी बंगाली शाळेत घातलं. शेतकऱ्यांची, कोळ्यांची मुलं बाकावर शेजारी. तुम्ही मराठी किंवा उर्दू माध्यमातून आला असाल आणि कॉलेजात सायन्सचं लेक्चर डोक्यावरून जातंय म्हणून गप्प बसत असाल, तर एवढं लक्षात असू द्या की या प्रोफेसरची सुरुवातही मातृभाषेतूनच झाली होती.

पुढे कलकत्त्याचं सेंट झेवियर्स, मग लंडन. तिथे डॉक्टरकी शिकायला गेले, पण तापाने पिच्छा सोडला नाही. ते सोडून केंब्रिजला विज्ञान शिकले आणि 1885मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. इथे पहिला झटका बसला. काम तेच, पण भारतीय प्राध्यापकाला पगार युरोपियनांपेक्षा कमी. त्यात नेमणूक हंगामी, म्हणून आणखी कमी. बोस यांनी नोकरी सोडली नाही आणि पगारही घेतला नाही. तब्बल तीन वर्षं ते बिनपगारी शिकवत राहिले. घरात वडिलांचं कर्ज होतं, तरीही. शेवटी कॉलेजला नमतं घ्यावं लागलं आणि मागची सगळी थकबाकी पूर्ण पगाराने मिळाली.

लॅब म्हणावी अशी जागा नव्हती. बाथरूमला लागून असलेल्या छोट्याशा खोलीत त्यांनी काम सुरू केलं. मदतीला पत्र्याचं काम करणारा एक कारागीर. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या, पण त्या बऱ्याच लांब होत्या. लांब लहरींवर प्रकाशासारखे प्रयोग करायचे तर उपकरणंही अवाढव्य लागतात. म्हणून बोस यांनी लहरच छोटी केली. अडीच सेंटीमीटरपासून थेट 5 मिलिमीटरपर्यंत. सगळं उपकरण टेबलावर मावायला लागलं.

त्यांचे जुगाड तर बघण्यासारखे होते. लहरी एकाच दिशेत कंप पावतात का हे तपासायला त्यांनी रेल्वेचं जाडजूड टाइमटेबल वापरलं, पानांमध्ये धातूचा वर्ख घालून. पीळ दिलेल्या तागाच्या जुडीतून लहर सोडली, तर तिच्या कंपनाची दिशा पिळाप्रमाणे वळते हेही दाखवलं. सुताचा पीळ काय असतो हे भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको. 1895च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी लोकांसमोर भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवली. मध्ये तार नाही, काही नाही. जानेवारी 1897मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे काम मांडलं.

आता तुमच्या डबीकडे या. पोलिसांच्या रडार गनची एक नेहमीची फ्रिक्वेन्सी आहे 24.15 गिगाहर्ट्झ. म्हणजे लहरीची लांबी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास, बोस यांच्या टप्प्यातली. लहर तुमच्या गाडीवर आपटून परत येते तेव्हा तिची फ्रिक्वेन्सी थोडी बदललेली असते. भिवंडी रोड स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या मालगाडीचा हॉर्न जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येतो ना, तोच हा डॉप्लर परिणाम. ताशी 100 किलोमीटर वेगाला हा फरक साधारण साडेचार हजार हर्ट्झ भरतो. गन तेवढा फरक मोजते आणि वेग दाखवते.

डिटेक्टर काहीच मोजत नाही, फक्त ऐकतो. त्याच्या तोंडाशी लहर गोळा करणारं नरसाळं असतं. असं नरसाळं बोस यांनी वापरलं होतं. आत लहर ओळखणारा अर्धवाहक असतो. बोस यांनी त्यासाठी गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्याचं अमेरिकन पेटंट 1904मध्ये मिळालं, तेही भगिनी निवेदिता आणि सारा बुल या मैत्रिणींनी आग्रह धरला म्हणून. त्याआधी एका वायरलेस कंपनीचा मालक नफ्यात निम्मा वाटा देऊ करत दारात आला होता. बोस यांनी त्याला नकार दिला. ज्ञान विकायचं नाही, सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं, हा त्यांचा हट्ट. पेटंटातूनही त्यांनी पैसा केला नाही. रडार त्यांनी शोधलं नाही, ते बरंच नंतर आलं. पण त्या लहरी पकडायच्या कशा, हे दाखवणाऱ्या पहिल्या लोकांत ते होते.

आता हिशोब करा. रडारची लहर पसरत जाते, म्हणून डिटेक्टरला ती लांबूनही ऐकू येते. पण मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि काही गाड्यांचे सेन्सरही याच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे खोटे बीप भरपूर. आणि पोलिसाने गन नेमकी तुमच्यासाठीच ऑन केली, तर बीप वाजेपर्यंत आकडा पडलेला असतो. महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांच्या गाड्यांवर तर लेझर गन आहेत. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, 300 मीटरवरही जेमतेम मीटरभर रुंद. तो तुमच्याच गाडीवर पडतो, अर्ध्या सेकंदात काम होतं. लेझर डिटेक्टर वाजला, तर तो पावती फाटल्याची बातमी देतोय एवढंच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि लागलेला वेळ यावरून सरासरी वेग काढतात. तिथे डिटेक्टरला ऐकायला काही उरतच नाही.

आणि गोदामाच्या गेटमधून अचानक रस्त्यावर येणारा कंटेनर कुठलीच लहर सोडत नाही. ताशी 100ला तुम्ही सेकंदाला जवळपास 28 मीटर जाता. ब्रेककडे पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं.

बोस पुढे वनस्पतींकडे वळले. 1917मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली, 1920मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 23 नोव्हेंबर 1937ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. इन्स्टिट्यूट आजही चालू आहे. कधी कोलकात्याला गेलात तर जरूर चौकशी करा, तिथल्या संग्रहालयात त्यांची उपकरणं जपून ठेवली आहेत. आणि डिटेक्टरसाठी बाजूला काढलेल्या पैशांत एक चांगलं आयएसआय मार्कचं हेल्मेट येईल, तेही बघा.