अनेक विद्यांचा अभियंता : सर विश्वेश्वरय्या

गणपती ही चौदा विद्या, चौसष्ट कलांची देवता. तिच्या उत्सवात मला हमखास आठवतात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिन, १५ सप्टेंबर, पुष्कळदा याच दिवसांत येतो.

मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा लहानपणीच वडिलांना पारखा झाला. शिकवण्या करून बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून ते १८८१ साली बी.ए. झाले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये एल.सी.ई. झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, पुणे इथे त्यांची उमेदीची वर्षे गेली. म्हणून आपल्याला ते घरचेच वाटतात.

खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत, उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ मध्ये दिवाण. कृष्णराजसागराचे काम सुरू झाले होते. पण धरणाने पाणी मिळते. उद्योगाला भांडवल लागते, म्हणून १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर. शिकलेली माणसे लागतात, म्हणून १९१६ मध्ये विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगळूरला अभियांत्रिकी महाविद्यालय. आपल्या शेजारच्या चामराजपेटेतील कन्नड साहित्य परिषदही त्यांच्याच काळातली, १९१५ ची. पुढे १९२३ पासून भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनी सांभाळला.

त्यांचे सगळेच सर्वांना पटले असे नाही. मागासलेल्या समाजांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याबाबत महाराजांशी मतभेद झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. आज त्या प्रश्नात महाराजांची दृष्टी अधिक दूरची होती, असे मला वाटते. अनेक विषय जाणणाऱ्यालाही सगळेच दिसते असे नाही.

मी डिप्लोमावाला, रेल्वेत नोकरीला. रुळांखालचा पूल सिव्हिलचा, वरची तार इलेक्ट्रिकलची, सिग्नल तिसऱ्याचा; गाडी मात्र एकच. "हे आमच्या खात्याचे नाही" असे मीही अनेकदा म्हटले आहे. विश्वेश्वरय्यांचे चरित्र वाचल्यावर ते वाक्य जिभेवर अडखळते. प्रत्येक विषयात आपण तज्ज्ञ होणार नाही, पण शेजारच्या टेबलावरचे काम समजून घेणे तर जमेल?

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. शंभरी गाठून १९६२ मध्ये ते बंगळूरलाच निवर्तले. बुद्धिदात्या गजाननाने तेवढी जिज्ञासा आपल्या मुलांना द्यावी, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!