वाळवंट झाडणारी मारिया

झाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? घर, अंगण, फार तर गच्ची. पण एका बाईने हातात झाडू घेतला आणि चक्क वाळवंट झाडलं, तेही एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं! आसपासच्या लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. काही जण तर तिला चेटकीण समजून लांबूनच जायचे. या बाईचं नाव मारिया राइशे.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचे प्राचीन अवशेष बघायला आज जगभरची तरुण मुलंमुली पाठीवर बोचकं टाकून निघतात. राजधानी लिमाहून बस पकडायची आणि पॅन अमेरिकन हायवेने साडेचारशे किलोमीटर दक्षिणेला नाझ्का गावी जायचं. सात-आठ तासांचा प्रवास, बराच वेळ बाहेर नुसतं रेताड वाळवंट. नाझ्का यायच्या थोडं आधी रस्त्याच्या कडेला एक लोखंडी मनोरा लागतो. त्यावर चढलं की खाली जमिनीवर रेघांनी काढलेलं एक झाड दिसतं आणि दोन हात दिसतात. हातांना बोटं मात्र नऊच!

हा मनोरा मारियाने 1976 मध्ये स्वतःच्या पैशांनी उभारला. आणि योगायोग बघा, मारियाच्या हातालाही एक बोट कमीच होतं.

मारियाचा जन्म 15 मे 1903 चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातला. पहिल्या महायुद्धात वडील गेले. मुलगी हुशार, गणित आणि भूगोल शिकली. पण त्या काळच्या जर्मनीत तिचं मन रमेना. 1932 मध्ये पेरूमधल्या कुस्को शहरात जर्मन वाणिज्यदूताच्या मुलांना शिकवायची नोकरी मिळाली आणि एकोणतिशीच्या आतबाहेरची ही मुलगी बोटीत बसून एकटी निघाली. तिथे निवडुंगाचा काटा लागण्याचं निमित्त झालं, जखम चिघळली आणि बोट गमवावं लागलं. पुढे लिमाला येऊन शिकवण्या आणि भाषांतरं करून ती पोट भरू लागली.

तिथेच तिची गाठ पॉल कोसोक या अमेरिकन इतिहास अभ्यासकाशी पडली. त्यांना भाषांतरासाठी मदतनीस हवी होती. 1941 च्या जूनमध्ये कोसोक नाझ्काच्या माळावर उभे असताना मावळता सूर्य बरोब्बर एका लांब रेघेच्या टोकाशी टेकलेला त्यांना दिसला. तो वर्षातला तिथला सर्वात लहान दिवस होता. गणित शिकलेल्या मारियाला हे कोडं असं काही चिकटलं, की ते आयुष्यभर सुटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून तिच्या फिरण्यावर बंधनं आली. ती उठल्यावर, 1946 पासून, तिने माळावरच ठाण मांडलं.

या रेघा आहेत तरी कशा? माळावर वरचा थर तांबूस-काळ्या दगडांचा आहे. ते दगड बाजूला केले की खालची फिकट माती दिसते. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाझ्का लोकांनी अशाच रेघा ओढून माकड, कोळी, पक्षी काढले. कोळी 46 मीटरचा, तर चिमुकला हमिंगबर्ड नव्वद मीटरहून मोठा! पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून हे सगळं टिकलं. पण धूळ आणि दगड येऊन रेघा बुजल्या होत्या. मारियाने त्या झाडून मोकळ्या केल्या. टेप, शिडी, झाडू आणि वही एवढंच सामान. सान पाब्लो गावात एक साधी खोली, ना वीज ना नळ. पहाटे उठायचं, मोजायचं, झाडायचं, रात्री कंदिलाच्या उजेडात नकाशे काढायचे. चित्रं वरून दिसावीत म्हणून तिने स्वतःला हेलिकॉप्टरच्या बाहेरच्या बाजूला बांधून घेऊन फोटो काढले. बांधून घेणं हे शब्दशः बरं का!

पण खरी लढाई पुढेच होती. हा हायवे बांधताना सरड्याच्या चित्राचे दोन तुकडे झालेच होते. 1955 मध्ये माळ पाण्याखाली आणून शेती करायची योजना आली. मारियाने लिमा गाठून आवाज उठवला आणि योजना रद्द करून घेतली. 1968 मध्ये एरिक फॉन डॅनिकेनचं परग्रहवासीयांवरचं पुस्तक गाजलं आणि माणसांची रीघ लागली. गाड्यांची चाकं रेघांवरून जाऊ लागली. इतक्या भुसभुशीत मातीत यानं उतरलीच कशी असती, असा मारियाचा साधा सवाल होता. पुस्तकांच्या विक्रीतून मिळालेल्या पैशांतून तिने राखणदार नेमले.

तिच्या मते या रेघा म्हणजे आकाशाचं पंचांग होतं. हे मत आज सगळ्यांना पटत नाही. बऱ्याच अभ्यासकांना त्या पाण्यासाठीच्या पूजेशी किंवा मिरवणुकीच्या वाटांशी जोडलेल्या वाटतात. मग तिचे कष्ट वाया गेले का? छे! तिचा तर्क चुकला असेलही, पण तिने राखलं म्हणूनच आज त्यावर वाद घालायला रेघा शिल्लक आहेत.

म्हातारपणी दृष्टी गेली, कंपवाताने चालणं थांबलं. डॉक्टर असलेली बहीण रेनाटे मदतीला येऊन राहिली. तरीही नाझ्काच्या हॉटेलात संध्याकाळी मारिया पाहुण्यांना रेघांची गोष्ट सांगायची. 1994 मध्ये युनेस्कोने या रेघांना जागतिक वारसा म्हटलं. 8 जून 1998 ला मारिया लिमामध्ये गेली. तिला पुरलं मात्र तिच्या त्या खोलीपाशीच, माळाच्या जवळ. 2024 मध्ये जपानी संशोधकांनी तिथे आणखी 303 चित्रं शोधल्याचं जाहीर केलं. माळ नांगरला गेला असता, तर ती सापडली असती का?

मैत्रिणींनो, गावातली जुनी बारव, पडका वाडा, झिजलेला शिलालेख साफ करायला निघालेल्या बाईला आपण चटकन हसतो. पुढच्या वेळी हसण्याआधी मारियाचा झाडू आठवा. आणि जमलं, तर आपलाही घेऊन तिच्या सोबतीला जा.