जाळ्यासमोरचा माणूस

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स या आइस हॉकीच्या क्लबाने आपला रशियन गोलरक्षक इगोर शेस्टर्किन याच्याशी आठ वर्षांचा करार केला. रक्कम नऊ कोटी वीस लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबात पावणेआठशे कोटी रुपयांच्या घरात. एवढे मानधन त्या खेळात त्याआधी कोणत्याही गोलरक्षकाच्या वाट्याला आले नव्हते. साहजिकच जुना वाद पुन्हा उकरला गेला. गोल अडवणाऱ्या एका माणसावर इतका पैसा लावावा काय? करार संपता संपता तो पस्तिशी ओलांडून गेलेला असेल, गुडघे कुरकुरत असतील, आणि क्लबाला मात्र ठरलेली रक्कम मोजावीच लागेल.

हा वाद वाचताना मला याच रेंजर्सचा एक जुना गोलरक्षक आठवतो. टेरी सॉचक त्याचे नाव. १९७० साली तो वारला तेव्हा चाळीस वर्षांचा होता, आणि त्याच्या मरणाला निमित्त झाले ते भाड्याच्या घराच्या खर्चावरून सहखेळाडूशी झालेले भांडण. या खेळातला सर्वांत थोर गोलरक्षक कोण, असे विचारले तर जाणकार आजही त्याचे नाव घेतात.

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवळ आणि ध्यानचंद. कॅनडात ती बर्फावर खेळतात, पायांत पाती लावलेले बूट आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच चौकट, तिच्यामागे जाळे आणि पुढे एकटा गोलरक्षक. ताकदीचा खेळाडू ती चकती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने मारतो. सॉचकच्या ऐन उमेदीत गोलरक्षक तोंडावर काहीही न लावता तिच्यासमोर उभे राहात. त्याने मुखवटा घातला तो १९६२ मध्ये. तोवर त्याच्या चेहऱ्यावर सुमारे चारशे टाके पडले होते. १९६६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने रंगभूषा करून ते सगळे टाके त्याच्या तोंडावर पुन्हा उमटवले आणि छायाचित्र छापले. ते एकदा पाहिले की विसरता येत नाही.

सॉचकचा जन्म २८ डिसेंबर १९२९ चा, कॅनडातल्या विनिपेग शहरातला. घर युक्रेनियन स्थलांतरितांचे, वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर. थोरला भाऊ गोलरक्षक होता, तोच टेरीचा देव. टेरी दहा वर्षांचा असताना हा भाऊ हृदयविकाराने गेला आणि त्याची पायाला बांधायची पॅड्स धाकट्याकडे आली. बाराव्या वर्षी खेळताना टेरीचे उजवे कोपर मोडले. घरी बोलणी बसतील या भीतीने त्याने ते लपवले. हाड वेडेवाकडे सांधले आणि तो हात डाव्यापेक्षा आखूडच राहिला. पुढे शल्यविशारदांनी त्या कोपरातून हाडाचे डझनावारी तुकडे काढले. जगाला हेवा वाटेल अशी चपळाई ज्या हातात होती, तो हात असा अधू होता.

डेट्रॉइट रेड विंग्ज या क्लबाने त्याला पोरवयातच हेरले. तेव्हा सर्वोच्च लीगमध्ये संघ सहाच, म्हणजे नियमित गोलरक्षकाच्या जागाही सहाच. डेट्रॉइटचा व्यवस्थापक जॅक ॲडम्स हा सौद्यांसाठी प्रसिद्ध होता. १९५० मध्ये त्याच्या संघाने स्टॅनली कप जिंकला, आणि त्याच उन्हाळ्यात त्याने विजेत्या संघाचा गोलरक्षक हॅरी लम्ली याला शिकागोला देऊन टाकले, कारण वीस वर्षांचा सॉचक तयार होता. पहिल्याच मोसमात सॉचक सर्वोत्तम नवोदित ठरला. १९५२ च्या बाद फेरीत त्याने जे केले त्याला तोड नाही. आठ सामने, आठही जिंकले, चार सामन्यांत एकही गोल दिला नाही, आणि आठांत मिळून गोल खाल्ले फक्त पाच. घरच्या मैदानावर तर एकसुद्धा नाही. १९५२, १९५४ आणि १९५५, असे तीन कप डेट्रॉइटने त्याच्या भरवशावर घेतले.

आणि जून १९५५ मध्ये ॲडम्सने त्याला बोस्टनला देऊन टाकले. वय पंचवीस. नऊ खेळाडूंच्या अदलाबदलीतला तो एक नग. कारण पुन्हा तेच, खालच्या संघात ग्लेन हॉल नावाचा तरुण तयार होता. त्या काळच्या करारात एक कलम असे. एकदा सही केली की खेळाडू क्लबाचा झाला. क्लब त्याला विकील, बदलून देईल, खालच्या संघात धाडील. खेळाडूला मात्र दुसरा धनी शोधण्याची मुभा नाही. दलाल नाही, वकील नाही. पगार काय, ते व्यवस्थापक सांगणार.

मी नोकरीभर बँकेत कर्जप्रकरणे तपासली, त्यामुळे ॲडम्सचा विचार मला समजतो. झिजत जाणारे यंत्र जास्तीत जास्त किमतीला असतानाच विकावे. पण पुढचा ताळेबंद पाहा. बोस्टनमध्ये सॉचक आजारी पडला. रक्तातल्या ग्रंथीज्वराने त्याची शक्ती गेली, मनही खचले, आणि जानेवारी १९५७ मध्ये तो खेळ सोडून घरी निघून गेला. वर्तमानपत्रांनी त्याला पळपुटा ठरवले. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला परत घेतले आणि मोबदल्यात जॉनी ब्यूसिक नावाचा तरुण दिला. या ब्यूसिकने पुढे एकवीस मोसम बोस्टनसाठी पाचशेहून अधिक गोल केले. ग्लेन हॉललाही ॲडम्सने तेव्हाच शिकागोला पाठवले, सोबत टेड लिंडसेला. लिंडसेचा गुन्हा असा की तो खेळाडूंची संघटना बांधू पाहात होता. हॉलने १९६१ मध्ये शिकागोला कप मिळवून दिला. डेट्रॉइटला १९५५ नंतरचा कप मिळाला थेट १९९७ मध्ये. सगळे खापर एका सौद्यावर फोडता येणार नाही, सॉचक १९६४ पर्यंत तिथेच होता. पण आपलाच माल विकून तो दामदुप्पट मोजून परत घेणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्याकडे शहाणा म्हणत नाहीत.

सॉचक काही साधाभोळा माणूस नव्हता. तापट, घुमा, दारूच्या आहारी गेलेला. त्याच्या रागाची झळ बायकोला आणि सात मुलांना बसली. १९६९ मध्ये तिने घटस्फोट घेतला, आणि तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

१९६४ मध्ये डेट्रॉइटने त्याला मोकळे सोडले आणि टोरांटोने उचलले. तोवर त्याने एकही गोल न देता जिंकलेल्या वा बरोबरीत सोडवलेल्या सामन्यांचा विक्रम केला होता. अखेर हा आकडा १०३ झाला आणि २००९ पर्यंत कोणी तो ओलांडू शकले नाही. टोरांटोचा संघ म्हाताऱ्यांचा म्हणून हिणवला जाई. १५ एप्रिल १९६७ ला शिकागोत पाचवा उपांत्य सामना होता, २-२ अशी बरोबरी. मणक्यावर शस्त्रक्रिया झालेला सदतीस वर्षांचा सॉचक दुसऱ्या सत्रात आत आला. बॉबी हलचा फटका खांद्यावर बसला आणि तो कोसळला. उठला, आणि त्या दिवशी ३७ फटके अडवून सामना जिंकूनच बाहेर आला. २ मे रोजी अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात त्याने एकच गोल दिला. कप टोरांटोचा झाला. महिनाभरात नव्या संघांसाठी खेळाडू वाटले गेले, तेव्हा टोरांटोने त्याला राखून ठेवले नाही. लॉस एंजेलिसने त्याला पहिल्याच फेरीत नेले. त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षे उलटली तरी टोरांटोला कप मिळाला नव्हता.

आता शेस्टर्किनकडे येऊ. लांब मुदतीचे मोठे करार फसतात, हे खरे आहे. माँट्रियलने २०१७ मध्ये केरी प्राइसशी आठ वर्षांचा, आठ कोटी चाळीस लाख डॉलरचा करार केला. २०२१ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीत नेले, मग गुडघा गेला आणि २०२२ नंतर तो खेळूच शकला नाही. उलट फ्लोरिडाने २०१९ मध्ये सर्गेई बोब्रोव्स्कीला सात वर्षांसाठी सात कोटी दिले तेव्हा लोक हसले, आणि २०२४ व २०२५ चे कप त्यानेच मिळवून दिले. सगळ्या संघाच्या पगाराला कमाल मर्यादा असल्याने एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होते, ही अडचणही खोटी नाही. तरीही माझे मत देण्याच्या बाजूने आहे. शरीर मोडण्याची जोखीम कोणी तरी घ्यायचीच असते. प्राइसचा गुडघा गेला तेव्हा ती माँट्रियलच्या वहीत लिहिली गेली. सॉचकच्या काळी ती सगळी सॉचकच्या नावावर होती, आणि नफा ॲडम्सच्या.

१९६९-७० मध्ये तो रेंजर्सकडे होता. मोसम संपल्यावर एप्रिलच्या अखेरीस, लाँग आयलंडवर भाड्याने घेतलेल्या घराच्या हिशेबावरून रॉन स्टुअर्ट या सोबत्याशी त्याची झटापट झाली. पडताना पोटाला मार लागला, पित्ताशय आणि यकृत दुखावले. त्याने रुग्णालयातूनच दोष स्वतःकडे घेतला. शस्त्रक्रिया झाल्या, पण ३१ मे १९७० रोजी तो गेला. चौकशीत हा अपघात ठरला आणि कोणावर खटला झाला नाही. गौरव दालनात नाव यायला निवृत्तीनंतर काही वर्षे थांबावे लागे. त्याच्यासाठी तो नियम शिथिल करून १९७१ मध्येच नाव लावले गेले. डेट्रॉइटला मात्र वेळ लागला. १९९४ मध्ये त्यांनी त्याचा १ क्रमांकाचा सदरा कायमचा निवृत्त केला आणि मैदानाच्या छताला टांगला. तेव्हा शेवटचा कप जिंकून त्यांना एकोणचाळीस वर्षे झाली होती.