हिमप्रवासी नान्सेन

नॉर्वे हा युरोपच्या उत्तरेकडील डोंगराळ देश. तेथील डोंगर व दऱ्या महिनोन् महिने बर्फाखाली दडलेल्या असतात. अशा भुसभुशीत बर्फात पायी चालणारा मनुष्य मांड्यांपर्यंत रुततो. म्हणून तेथील लोक पायांना लांब, अरुंद व पुढे किंचित वर वळलेल्या लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात. या पट्ट्यांस स्की म्हणतात. स्कीच्या साहाय्याने ग्रीनलंड ओलांडणारा फ्रिट्यॉफ नान्सेन हा याच देशाचा सुपुत्र होय.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, या शहराजवळ झाला. लहानपणापासूनच तो स्की चालविण्यात तरबेज होता. पुढे त्याने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १८८२ साली जहाजातून जात असता त्याला ग्रीनलंडचा हिमाच्छादित किनारा दुरून दिसला. या बेटाचा अंतर्भाग तोपर्यंत कोणीही आरपार ओलांडला नव्हता. ते कार्य आपण करावे, असे त्याच्या मनाने घेतले.

त्याचा बेत मोठा धाडसी होता. वस्ती होती ती पश्चिम किनाऱ्यावर. परंतु नान्सेनने निर्जन पूर्व किनाऱ्यावरून निघण्याचे ठरविले. एकदा निघाल्यावर मागे परतण्यात अर्थ नव्हता. पुढे गेले तरच आसरा मिळणार होता. पुष्कळांनी हा वेडेपणा ठरविला. पण नान्सेन साहसी होता तसाच सावधही होता. वाटेत नवे साहित्य मिळणार नाही, हे जाणून त्याने प्रत्येक वस्तू पारखून घेतली.

स्की निवडताना तर त्याने फारच विचार केला. बर्फ सर्वत्र सारखा नसतो. ओला बर्फ लाकडाला चिकटतो. कडक थंडीतील कोरडा बर्फ वाळूसारखा खरखरीत होतो. सहा माणसांसाठी त्याने स्कीच्या नऊ जोड्या घेतल्या. दोन जोड्या ओकच्या लाकडाच्या होत्या, तर सात बर्चच्या. ओल्या बर्फावरून सहज घसरता यावे म्हणून बर्चच्या स्कींना खालून पोलादाचा पातळ पत्रा बसविला होता. चढावर पाय मागे सरकू नये म्हणून पावलाखालच्या भागात एल्क नावाच्या हरणाचे केसाळ कातडे लावले होते.

१८८८ च्या जुलै महिन्यात जहाजाने त्यांना किनाऱ्याजवळ सोडले. तरंगत्या बर्फाने त्यांच्या होड्या दक्षिणेकडे दूर वाहून नेल्या, तरी ते डगमगले नाहीत. ऑगस्टच्या मध्यास चढण सुरू झाली. आरंभीच्या खडबडीत बर्फावर स्कींचा उपयोग नव्हता; त्या घसरगाड्यांवर लादूनच न्याव्या लागल्या. सप्टेंबर उजाडला आणि मऊ बर्फ लागला, तेव्हा मात्र त्यांनी स्की पायांत चढविल्या. रात्री पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरे. अपेक्षिलेला ओला बर्फ फारसा भेटलाच नाही. पोलादी पत्र्यांची गरज पडली नाही. हा आपला अंदाज चुकला, हे नान्सेनने पुढे आपल्या ग्रंथात प्रांजळपणे नमूद केले.

पश्चिमेच्या खाडीवर पोहोचल्यावर तंबूचे कापड व झाडांच्या फांद्या यांची होडी करून नान्सेन व त्याचा सोबती स्वेर्द्रुप ३ ऑक्टोबर रोजी गॉटहोब या वसाहतीत दाखल झाले. मागे राहिलेले चौघेही लवकरच तेथे सुखरूप आले. ग्रीनलंड प्रथमच ओलांडले गेले होते.

पुढे नान्सेनने उत्तर ध्रुवाच्या दिशेने प्रसिद्ध सफर केली. पहिल्या महायुद्धानंतर तो निर्वासितांच्या साहाय्यास धावला. या सेवेबद्दल १९२२ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १३ मे १९३० रोजी त्याचे निधन झाले.

धाडसाला पूर्वतयारीची जोड द्यावी आणि तयारीत चूक झाली, तर ती मोकळेपणाने मान्य करावी, हाच नान्सेनच्या चरित्राचा बोध होय.